डायलिसिसच्या खाटेवरून



हास्यक्लब म्हणजे धडधाकट माणसांचा वेळकाढूपणा, दुखणाइतांना त्याचा काय उपयोग, असं विचारणारं पत्र गेल्या अंकात वाचलं. विचारलंच आहे, तर एका डायलिसिसवाल्याचं हे उत्तर.

हसून मूत्रपिंड सुधारत नाही, हे मान्य. अमेरिकन संपादक नॉर्मन कझिन्स यांचा दाखला नेहमी देतात: मणक्याच्या दुखण्यात १० मिनिटं पोट धरून हसलं, की त्यांना २ तास वेदनेविना झोप लागे. पण त्याच काळात ते 'क' जीवनसत्त्वाचे भारी डोसही घेत होते, हे सोयीस्कर गाळलं जातं. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या हास्यक्लबातलं हात वर करून 'हो हो, हा हा' मलाही फारसं मानवत नाही.

आमच्या वॉर्डातलं हसणं वेगळं. पाणी मोजून, केळं-नारळपाणी बंद, ४ तास मशीनला जखडलेले. दोन डायलिसिसमध्ये वाढलेलं वजन म्हणजे प्यालेलं पाणी. शेजारचे काका काट्यावर चढतानाच सिस्टरला सांगतात, "सराफ्याच्या खाऊगल्लीत खाल्लं काही नाही हो, नुसता वास घेतला, त्याचं वजन भरलंय!" सगळा वॉर्ड हसतो. हाच विनोद भेटायला आलेल्या पाहुण्यानं केला, तर डोक्यात जातो.

हर्नियावाल्यांनी, नुकतं पोटाचं ऑपरेशन झालेल्यांनी जोरात हसण्याआधी डॉक्टरांना विचारावं. गोळ्या कोणीच चुकवू नयेत. बाकी आम्हाला हसू द्यावं, ही पत्रलेखकांना विनंती.

– एक वाचक, इंदूर