धरण भरलं म्हणून बोट घेताय? मग आधी इंजिनाचं गणित समजून घ्या

२०२५ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात पाण्याचा विषय सोडून दुसरं काही बोललंच गेलं नाही. ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात पूर आला, हसनाळसारखी गावं पाण्याखाली गेली, लष्कराची तुकडी बोलवावी लागली. सप्टेंबरमध्ये लातूर, धाराशिव, बीडमध्ये शेतंच्या शेतं वाहून गेली. पण त्याच पावसानं मांजरा भरलं, विष्णुपुरीचे दरवाजे उघडावे लागले आणि मोबाईलवर भरलेल्या धरणांच्या रील्स फिरायला लागल्या.

धरण भरलं की अजून एक विषय निघतो. तारकर्लीला, गोव्याला किंवा कोयनेच्या बॅकवॉटरला जाऊन आलेली मंडळी म्हणतात, आपल्याकडेही एवढं पाणी आहे, मग दोन-तीन कुटुंबं मिळून एक बोट का घेऊ नये? मुलं ट्यूबवर बसतील, मोठी माणसं चक्कर मारतील. मग प्रश्न येतो, इंजिन किती एचपीचं? आणि उत्तर ठरलेलं असतं, "घ्यायचंच आहे तर मोठं घ्या."

इथंच गडबड होते. खरं तर एचपी हा शब्द मराठवाड्यातल्या माणसाला शिकवायची गरज नाही. विहिरीवर तीनची मोटर बसवायची की साडेसातची, हे आपण पाणी किती खोल आहे आणि किती लांब न्यायचं आहे यावरून ठरवतो. शेजाऱ्याची दहाची आहे म्हणून आपणही दहाची बसवली तर विहीर तासाभरात कोरडी पडते आणि मोटर जळते. बोटीचंही तसंच आहे. आधी बोट, मग वजन, मग काम आणि शेवटी इंजिन.

बोट पाणी कापते की पाण्यावर चढते?

हा फरक कळला की अर्धं गणित सुटतं. हळू चालणारी बोट पाणी बाजूला सारत पुढं जाते. अशा बोटीला वेगाची एक मर्यादा असते आणि ती बोटीच्या लांबीवर ठरते. १६ फुटी बोटीसाठी ती ताशी साधारण १० किलोमीटर येते. त्यापुढं ती स्वतःच तयार केलेल्या लाटेत अडकते. कितीही पेट्रोल जाळा, नाक वर येतं, मागचा भाग दबतो आणि वेग मात्र जेमतेम वाढतो.

ट्यूब ओढायची, स्की करायची, तर बोटीला ही लाट ओलांडून पाण्याच्या वर चढावं लागतं. त्याला प्लेनिंग म्हणतात. एकदा बोट वर चढली की तिचा थोडाच भाग पाण्यात राहतो आणि ती सहज पळते. ताकद लागते ती चढायला.

म्हणून पहिला प्रश्न, तुम्हाला करायचं काय आहे? संध्याकाळी घरच्यांना घेऊन धरणात एक फेरफटका मारायचा असेल, तर एक टन वजनाच्या बोटीलाही ८-१० एचपी पुरते. त्यात आवाज कमी, खर्च कमी. आजीला बोटीत बसवायचं असेल तर हीच बोट बरी. पण मुलांना ट्यूबवर बसवून ओढायचं असेल तर गणित एकदम बदलतं.

आता वजन करा

समजा १६ फुटी फायबरची बोट आहे, वजन ४५० किलो. मागं लावायचं ६० एचपीचं फोर-स्ट्रोक इंजिन सुमारे ११० किलोचं. पाच माणसं, सरासरी ७० किलो धरली तर ३५०. चाळीस लिटर पेट्रोल म्हणजे ३० किलो. बॅटरी, नांगर, लाइफ जॅकेट, ट्यूब आणि डबे (डबे असतातच) मिळून ६० किलो. झाले १००० किलो.

बोटवाल्यांचा जुना ठोकताळा असा की एका एचपीमागं ११ किलोपर्यंत वजन असेल तर बोट आरामात चढते, आणि १८ किलोच्या पुढं गेलं तर बहुतेक चढतच नाही. आपल्या हजार किलोला हे लावलं तर ५५ एचपीला बोट कशीबशी चढेल आणि ९० ला अगदी मजेत.

पण थांबा. हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. नांदेड समुद्रसपाटीपासून साधारण ३६० मीटरवर, तर लातूर ६३० मीटरच्या आसपास. उंचीवर हवा विरळ होते आणि दर ३०० मीटरला इंजिनाची ताकद तीन टक्क्यांच्या आसपास घटते. त्यात आपला एप्रिल-मे. ४२ अंशांच्या हवेत अजून दोन-तीन टक्के जातात. म्हणजे मांजरा धरणावर उन्हाळ्यात ६० एचपीचं इंजिन प्रत्यक्षात ५४-५५ च देतं. मालवणच्या किनाऱ्यावर झकास पळालेली बोट धनेगावला आणली आणि "डीलरनं फसवलं" असं वाटलं, तर आधी हे आठवा.

मग ६० कमी पडेल का? पाचही जण बोटीत बसून वेगात जायचं असेल तर काठावर पास. पण ट्यूबवर दोन मुलं असतील तर तेवढं वजन बोटीतून कमी होतं. ट्यूब पाण्यात ओढ देते हे खरं, पण लहान मुलांसाठी वेग ताशी २०-२५ किलोमीटरच्या वर न्यायचाच नसतो. त्यामुळं १६ फुटी बोटीला ६० हा माझ्या मते नांदेड-लातूरसाठी समजूतदार आकडा आहे. मोठ्या माणसांना स्कीवर उभं करायचं असेल तर ७५. त्याहून लहान, १४ फुटी हलकी अॅल्युमिनियमची बोट आणि चार माणसं असतील तर ४० मध्ये काम होतं.

कमी ताकदीचं इंजिनही सुरक्षित असतंच असं नाही, हेही सांगायला हवं. चढता न येणारी बोट सतत नाक वर करून चालते, चालवणाऱ्याला समोरचं दिसत नाही, आणि इंजिन कायम फुल थ्रॉटलवर राहून लवकर झिजतं.

आणि जास्तीत जास्त किती?

याला अमेरिकेच्या कोस्ट गार्डचं एक साधं सूत्र आहे. बोटीची लांबी आणि इंजिन लावतात त्या मागच्या फळीची रुंदी, दोन्ही फुटांत घेऊन गुणायची. १६ गुणिले साडेपाच म्हणजे ८८. स्टिअरिंग व्हील आणि पुरेशी उंच मागची फळी असेल, तर याची दुप्पट करून ९० वजा करायचे. आले ८६, म्हणजे फार तर ९० एचपी. याच ८८ ला १५ नं भागलं तर शांत पाण्यात किती माणसं बसवावीत ते कळतं. पाच पूर्ण, सहावा नाही. बऱ्याच बोटींवर या मर्यादांची पट्टी चिकटवलेली असते. सेकंड-हँड बोट घेताना ती पट्टी खरवडलेली दिसली तर सौदा तिथंच सोडा.

मर्यादेपेक्षा मोठं इंजिन लावलं की काय होतं? नुसता वेग वाढत नाही, मागचं वजनही वाढतं. फळी पाण्याच्या जवळ येते. वेगात असताना अचानक थ्रॉटल सोडला तर बोटीनंच केलेली लाट मागून आत येते. शिवाय बोटीला ब्रेक नसतो. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईजवळ इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान बोट नियंत्रण सुटून 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली, पहिल्याच दिवशी मृतांचा आकडा १३ वर गेला. तिथं तर प्रशिक्षित माणसं होती.

धरणावरच्या दुर्घटना मात्र बहुतेक वेळा वेगामुळं होत नाहीत. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडाल्या. बोटीत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त जण होते आणि अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. ही मे महिन्यातली, वळवाची वेळ होती. मांजरा काय, विष्णुपुरी काय, उन्हाळ्यातल्या दुपारनंतर आभाळ भरून यायला वेळ लागत नाही. अशा वेळी १० एचपी आणि ९० एचपी यात उपयोगाचा फरक एवढाच की मोठं इंजिन काठाला लवकर आणतं, तेही तुम्ही वेळेत वळलात तर.

चालवणाऱ्याच्या मनगटाला किल स्विचची दोरी हवीच. तो पाण्यात पडला तर इंजिन त्याच क्षणी बंद होतं. २६ फुटांपेक्षा लहान बोटींसाठी अमेरिकेत एप्रिल २०२१ पासून हे सक्तीचं आहे. आणि ट्यूबवरची मुलं बोटीत घेताना इंजिन न्यूट्रलला नाही, पूर्ण बंद करायचं. मागं फिरत असतो तो पंखा.

मराठवाड्यातलं पाणी वेगळं आहे

मांजरा धरणाची क्षमता सुमारे २२४ दलघमी. ते भरलं की समुद्र वाटतं. पण याच धरणात २०१६ मध्ये पाणी उरलं नाही आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. ती 'जलदूत' गाडी पाहिलेल्या शहरात बोट घेताना विचारायला हवं की ही बोट दहापैकी किती वर्षं पाण्यात असेल? आणि पाणी असलं तरी फेब्रुवारीनंतर ते मागं सरकतं. वर येतात वेड्या बाभळीचे खुंट, जुने बांध, शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप. मोठ्या इंजिनाचा पाय जास्त खोल जातो, पंखा मोठा, तुटला तर खर्चही मोठा. नायलॉनच्या मासेमारी जाळ्याचा धागा पंख्याच्या दांड्यावर गुंडाळला तर सील कापून गिअरच्या तेलात पाणी शिरतं. नांदेडात गोदावरीत जलपर्णी वाढते तेव्हा ती इंजिन थंड करणारी पाण्याची जाळी बुजवते.

आणखी एक गोष्ट. ही धरणं आपलं पिण्याचं पाणी आहे. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोक इंजिनातलं पाव भाग पेट्रोल न जळता तेलासकट पाण्यात जातं. ते स्वस्तात मिळतं म्हणूनच कुणी घेऊ नये.

परवानगीचं काय? २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा नद्या आणि तलावांनाही लागू आहे. इंजिनाच्या बोटीला तपासणी, नोंदणी आणि विमा लागतो, आणि महाराष्ट्रात हे काम मेरीटाइम बोर्डाकडे आहे. धरणात उतरायला जलसंपदा विभागाची परवानगी वेगळी. नांदेडमध्ये तर अजून एक भानगड आहे. इथं गोदावरीत इंजिनाची बोट म्हटलं की प्रशासनाच्या डोळ्यासमोर वाळू येते. बेकायदा वाळू उपशाच्या बोटी महसूलच्या पथकांनी जिलेटिन लावून उडवल्याच्या बातम्या नांदेडकरांना नवीन नाहीत. कागद नसलेली बोट नदीत दिसली तर "आम्ही सहलीला आलोय" हे कुणी आधी ऐकून घेणार नाही.

खर्चाचा अंदाज सोपा आहे. फुल थ्रॉटलला ६० एचपी इंजिन तासाला २० लिटरच्या वर पेट्रोल पितं. लिटरला शंभराच्या वर भाव धरला तर तासाला दोन हजारांहून जास्त. घेण्याआधी पूर्ण वजन घेऊन, पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाचे आरपीएम कंपनीनं सांगितलेल्या पट्ट्यात जातात का ते पाहा. जात नसतील तर मोठं इंजिन मागण्याआधी पंखा बदलून बघा. पंख्याची पिच एक इंचानं कमी केली तर साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात, आणि हा खर्च इंजिनापुढं काहीच नाही.

शेवटी, पूर. ऑगस्टनंतर बऱ्याच जणांनी "गावात एक बोट असती तर" असं म्हटलं, आणि ते चुकीचं नाही. पण सहलीची बोट त्या कामाची नसते. पुराचा प्रवाह ताशी १० किलोमीटर असेल तर ८-१० एचपीची बोट पूर्ण ताकदीनं जागच्या जागी उभी राहते, आणि ६० एचपीची बोट पाण्याखालच्या तारा नि फांद्यांत पंखा गमावून बसते. बचाव पथकं हवेच्या, वजनाला हलक्या बोटींवर ओबीएम लावून, सरावाच्या माणसांसह उतरतात. विष्णुपुरीचे दरवाजे उघडल्याचा इशारा आला की कुटुंबाच्या बोटीची जागा काठावरून लांब, ट्रेलरवर, पक्क्या बांधलेल्या दोरात.