उत्तर द्या, हातोडा नको



दिवाळी अंक हाती आला की मराठी वाचक आधी व्यंगचित्रे चाळतो, मग अनुक्रमणिका. खोड जुनीच. वगातला सोंगाड्या भर दरबारात राजाची फिरकी घ्यायचा आणि सारे गाव पोट धरून हसायचे.

मार्च 2025 मध्ये मात्र एका विडंबनगीतावरून हातघाई झाली. स्टँड-अप कॉमेडियन कुणाल कामराने नाव न घेता उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांची खिल्ली उडवली. 23 मार्च 2025 च्या रात्री शिंदे गटाच्या शिवसैनिकांनी, जिथे तो कार्यक्रम झाला होता त्या मुंबईतल्या खारच्या ‘हॅबिटॅट’ स्टुडिओत मोडतोड केली. दुसऱ्या दिवशी महापालिकेचे पथक हातोडे घेऊन तिथेच ‘अनधिकृत बांधकाम’ पाडायला पोहोचले. बरोबर 10 वर्षांपूर्वी, 24 मार्च 2015 ला, सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66-अ रद्द केले होते. या कलमाविरुद्धच्या याचिकेला निमित्त झाली होती तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यातली घटना: फेसबुकवरच्या मजकुरापायी पालघरच्या दोन तरुणींना झालेली अटक.

कामराच्या गाण्यात ठाण्याची रिक्षा होती. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या मोहन्यात रिक्षावर कित्येक घरे चालतात. त्या उल्लेखाने कुणी दुखावले असेल, तर ते दुखणे आम्ही खोटे म्हणणार नाही. पण दुखावलेल्याला कोर्टाची पायरी चढता येते, तिकीट न काढता घरी बसता येते, कामरापेक्षा झणझणीत विडंबनही रचता येते. खुर्च्या मोडून यातले काहीच साधत नाही. उलट ज्यांनी गाणे ऐकले नव्हते तेही ऐकतात.

हा रोग एकाच पक्षाचा नाही. 2022 मध्ये, महाविकास आघाडीच्या राज्यात, शरद पवारांवरच्या पोस्टवरून अभिनेत्री केतकी चितळे यांना ठाणे पोलिसांनी अटक केली. महिन्याहून अधिक काळ त्या कोठडीत होत्या. सत्ता बदलते, कातडी तेवढीच पातळ राहते.

दिलासाही ठाण्याच्याच माणसाने दिला. ठाण्याच्या कोर्टात वकिली सुरू केलेले, सर्वोच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती अभय ओक यांनी 28 मार्च 2025 ला एका कवितेच्या खटल्यात बजावले की, प्रजासत्ताकाला 75 वर्षे झाल्यावर कविता किंवा स्टँड-अप कॉमेडीने समाजात वैर पसरते असे मानण्याइतके आपण डळमळीत असता कामा नये.

या अंकातही विडंबने आहेत, व्यंगचित्रे आहेत. तुमच्या लाडक्या नेत्यावर आहेत, आमच्यावरही आहेत. एखादे झोंबले तर कागद-पेन घ्या आणि चांगले खरमरीत पत्र लिहा. आम्ही ते पुढच्या अंकात छापू.

शुभ दीपावली!

— संपादक