‘स्मृतिचित्रे’ आणि आपली सोयीची प्रसन्नता

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयी वर्गात दोन विधाने हटकून केली जातात. हा सोवळ्याओवळ्याकडून मानवतेकडे झालेला प्रवास आहे, हे पहिले. त्यातला विनोद निर्मळ आणि प्रसन्न आहे, हे दुसरे. दोन्ही खोटी नाहीत. पण ती इतक्या सराईतपणे उच्चारली जातात की पुस्तकातला खरा ताण वाचनातून निसटतो. तो निसटावा, अशीच आपली इच्छा असावी, असा मला संशय आहे.

ना. वा. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळाला आपण ‘द्विधा मनःस्थिती’ म्हणतो, जणू त्या तिठ्यावर उभ्या राहून वाट निवडत होत्या. वस्तुतः नवऱ्यावरचा संताप आणि त्याची ओढ, दोन्ही पूर्ण होते. अर्धे काहीच नव्हते. पुढे त्या टिळकांजवळ राहायला गेल्या, तरी काही काळ सोवळे सोडले नाही. हा अनिश्चय नव्हे. जवळ जाणे आणि अंतर राखणे, दोन्ही त्यांनी रोजच्या स्वयंपाकापाण्यात निभावले. त्यापायी झालेली मनाची आणि शरीराची ओढाताण त्यांनी लपवलेली नाही.

एकाच व्यक्तीविषयी एकाच वेळी परस्परविरोधी भावना असणे, या अवस्थेला स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९१० च्या सुमारास नाव दिले, ते मनोविकाराचे लक्षण म्हणून. ती अवस्था सर्वसामान्य प्रेमात आणि शोकातही असते, हे पुढे फ्रॉइडने मांडले. आपली समीक्षा मात्र अजून पहिल्याच पायरीवर आहे: द्वंद्व दिसले की तिला ते बरे करायचे असते.

बाप्तिस्म्याने द्वंद्व मिटले असे म्हणणाऱ्यांनी सनावळी पाहावी. टिळक १९१९ साली वारले आणि ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. श्रद्धेचा प्रश्न सुटून तीसहून अधिक वर्षे लोटली होती. तरीही नवऱ्याच्या लहरींची, रागाच्या भडक्याची, सांगितल्यावाचून निघून जाण्याची चीड ताजी आहे आणि तिला लागूनच जिव्हाळाही तितकाच ताजा आहे. धर्मांतर विचारपूर्वक झाले, याबद्दल वाद नाही. निर्णय झाला की दोन भावनांपैकी एक मरते, हे आपले गृहीतक मात्र खोटे आहे.

म्हणूनच तो विनोद ‘निर्मळ’ म्हणून मोकळे होणे हा अन्याय आहे. तक्रार आणि माया एकाच दमात, कोणतीही खोटी न पाडता सांगण्याचे ते लक्ष्मीबाईंचे साधन आहे. आपण हसतो, आणि त्या हसण्यामागचे कष्ट त्यांच्याच खाती ठेवून मोकळे होतो.

‘लक्ष्मीबाईंच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास स्पष्ट करा’ या ठरावीक प्रश्नाचे उत्तर लिहिताना विद्यार्थी एवढेच शिकतो की परिपक्व मनात एकच भावना उरते. हा प्रश्न विचारणे शिक्षकांनी तरी आता थांबवावे.