थांबायचे कशासाठी?

गिरण्यांच्या मुंबईला यंत्र जाणणारी माणसे हवी होती, त्या काळात, १८८७ साली, व्हीजेटीआय निघाली. १९२३ साली ती माटुंग्याला आली. आज अशा संस्थांतल्या मुलांना चिप आखायची आहे. व्यावसायिक सॉफ्टवेअर महाग. सरकारच्या २०२२ च्या ‘चिप्स टू स्टार्टअप’ योजनेतून ते मिळते, पण निवडक संस्थांना. बाकीच्यांनी काय करावे?

थांबू नये. सर्किटची चाचणी घेणारे ‘एनजीस्पाइस’ आणि आराखडा रेखाटणारे ‘मॅजिक’ फुकट मिळते. २०२० साली गूगल आणि स्कायवॉटर यांनी १३० नॅनोमीटर चिपसाठी लागणारे कारखान्याचे नियमही खुले केले. सुरुवात दोन ट्रान्झिस्टरांच्या इन्व्हर्टरने करावी. तो फक्त ‘एक’चे ‘शून्य’ आणि ‘शून्य’चे ‘एक’ करतो. आधी सर्किट, मग चाचणी, मग आराखडा. शेवटी आराखडा सर्किटशी जुळतो का, हे पाहायचे. बँकेत रोजकीर्द आणि खतावणीचा ताळा जमल्याशिवाय आम्ही उठत नसू. हे कामही त्याच जातीचे.

ही शिस्त घरच्या साध्या संगणकावर अंगवळणी पडते, आणि पुढे महागडे सॉफ्टवेअर हाती आले तरी तीच उपयोगी येते. महाविद्यालयांनी दुसऱ्या वर्षीच प्रत्येकाकडून एक इन्व्हर्टर पुरा करून घ्यावा. त्यासाठी कुणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.