दाराशी आलेली परीक्षा

दरवर्षी फेब्रुवारी महिना उजाडला म्हणजे आमच्या शाळेतील बाके दूरदूर मांडली जातात, भिंतींवरील तक्ते उतरविले जातात आणि प्रत्येक बाकावर खडूने आसनक्रमांक लिहिला जातो. विद्यार्थ्यांस ह्यात नवल वाटत नाही. परंतु ज्या बारावीच्या परीक्षेसाठी ही मांडामांड होते, तिच्यातील अभ्यास एके काळी शाळेचा नव्हताच, तो कॉलेजाचा होता, ही गोष्ट वाचकांनी क्षणभर ध्यानी घ्यावी.

नागपूरचे हिस्लॉप कॉलेज 1883 साली निघाले, तेव्हा ते कलकत्ता विद्यापीठास जोडलेले होते. पुढे ते अलाहाबाद विद्यापीठाकडे गेले. 1923 साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा कोठे परीक्षा घेणारे आपल्या प्रांतात आले. तरीही मॅट्रिकच्या पुढचे पाऊल टाकावयाचे म्हणजे अरण्यातील खेड्यातल्या मुलास घर सोडून कॉलेजच्या गावी राहणे भागच होते. 1975 साली महाराष्ट्रात दहा अधिक दोन हा आकृतिबंध आला आणि कॉलेजातील आरंभीचा अभ्यास अकरावी-बारावी ह्या नावाने हायस्कुलांतही होऊ लागला. 1982 साली गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि 2011 साली गोंडवाना विद्यापीठ तेथेच आले. अशा रीतीने कलकत्त्याहून निघालेली परीक्षा एकेक मजल करीत आमच्या दाराशी येऊन ठेपली आहे.

हिचे मोल शहरवासीयांस कळणार नाही. सिरोंचा जिल्ह्याच्या ठाण्यापासून सुमारे 200 किलोमीटर दूर आहे. पुरवणी परीक्षेचे दिवस पावसाळ्यात येतात, आणि पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागडची वाट तुटते. परीक्षेचे केंद्र परगावी असते तर एखादा मुलगा कसाबसा तेथे गेलाही असता. मुलीस मात्र कोणी धाडले नसते. जवळच्या केंद्रामुळे किती मुलींचे शिक्षण दहावीच्या पुढे सरकले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

परंतु जी वस्तू दाराशी येते तिची राखणही घरच्यांनीच करावी लागते. मागे एकदा परीक्षेच्या आदल्या सायंकाळी एक पालक आमच्याकडे आले. मनुष्य सज्जन, कष्टाळू. हात जोडून म्हणाले, "सर, पोरीचं गणित कच्चं हाये. तेवढं पाहून घ्या जी." आम्हांस राग आला नाही, लाज वाटली. कारण त्या वर्षी कित्येक महिने गणिताचे शिक्षकच नव्हते. मुलीचे गणित कच्चे राहिले ह्यात तिचा दोष थोडा आणि आम्हां मोठ्यांचा अधिक होता. तरीही आम्ही त्यांस नकार दिला, आणि तो का दिला हे येथे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

1982 च्या कायद्याने परीक्षेतील गैरप्रकार हा गुन्हा ठरविला आहे, हे एक कारण. परंतु केवळ शिक्षेच्या भयाने सचोटी टिकत नाही. दुसरे कारण असे की, सामुदायिक कॉपी झालेले केंद्र मंडळ रद्द करू शकते. एका मुलीस दिलेली चिठ्ठी पुढच्या वर्षीच्या पन्नास मुलींची वाट अडविते. तिसरे कारण सर्वांत मोठे आहे. भौतिकशास्त्राच्या 100 गुणांपैकी 30 गुण प्रात्यक्षिकाचे असतात व ती परीक्षा आमच्याच प्रयोगशाळेत होते. तेथे आम्ही सढळ हाताने गुण वाटले तर गुणपत्रिका सुंदर दिसेल. परंतु डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्यास नीट आणि इंजिनियर होऊ इच्छिणाऱ्यास सीईटी किंवा जेईई द्यावी लागते. तेथे आमची माया उपयोगी पडत नाही. ज्या मुलाने प्रयोगाला हात न लावता गुण मिळविले, त्यास आम्ही प्रेमाने फसविले असेच म्हणावे लागेल.

ह्या प्रवेशपरीक्षाही तालुक्याच्या ठिकाणी व्हाव्यात, अशी मागणी आम्ही अनेकदा ऐकतो व ती आम्हांस मान्य आहे. मात्र ही मागणी करणाऱ्या हातांत कॉपीची चिठ्ठी असता कामा नये. लहान गावांवर विश्वास कसा ठेवावा, असे कोणी विचारील. त्यास आमच्या केंद्राचा स्वच्छ इतिहास हेच उत्तर असले पाहिजे.

पालकहो, आम्हांस परीक्षेच्या आदल्या सायंकाळी भेटू नका. दिवाळीच्या सुटीनंतर लगेच भेटा. मुलीचे गणित कच्चे आहे हे तेव्हा सांगाल तर तीन महिने हाती असतील, आणि शाळा सुटल्यावर तास घेण्यास आम्ही बसू. शिक्षकाची जागा रिकामी असेल तर ती भरावी म्हणून अर्ज करावयास आमच्यासह चला. तेथे तुमचा शब्द आमच्याहून अधिक चालतो. विद्यार्थ्यांनो, शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेकडे नजर गेलीच तर एवढे आठवा की, ज्या बाकावर तुम्ही बसला आहात ते तुमच्या धाकट्या बहिणीसाठीही राखून ठेवावयाचे आहे.

त्या पालकांची कन्या त्या वर्षी गणितात नापास झाली. पुरवणी परीक्षेस ती पुन्हा बसली आणि थोड्या गुणांनी, परंतु स्वतःच्या बळावर, उत्तीर्ण झाली. तिचे वडील पुढे शाळेत आले ते धाकटीचे नाव घालण्यासाठी.