डोळे मिटले की...

प्रार्थनेला बसलं की तुमचं मन कुठे पळतं? माझं तर कुठेही पळतं. पहाटे बायबल उघडायचं, डोळे मिटायचे आणि पाचव्या मिनिटाला आपण शेतात!

त्यात आमचं वडसा. दिवाळी झाली की झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम. नाटक मंडळ्यांची ऑफिसं इथेच, त्यामुळे भोंगे लावलेल्या गाड्या फिरत असतात. रात्रभर नाटक बघून आलेली मंडळी पहाटे मोठमोठ्याने गप्पा मारत घरी जातात. मधेच रेल्वेची शिटी.

या आवाजांचं मी फारसं मनावर घेत नाही. दार लावून प्रार्थना करा, असं प्रभूने सांगितलं. दार लावल्यावर आवाज थांबतील, असं नाही सांगितलं. आणि देव शांततेतच भेटतो असं थोडंच आहे? रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या हाती नवा करार पडला तो १८९३ साली, राजनांदगावला जाताना आगगाडीत, एका अनोळखी सहप्रवाशाकडून. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणून नाटकाची गाडी ओरडत गेली की मी त्या कलावंतांसाठीच दोन शब्द बोलून घेतो. मोबाईल मात्र दुसऱ्या खोलीत. तो अडथळा आपणच हातात घेऊन बसतो.

खरी पंचाईत आतल्या आवाजाची. मागच्या वर्षी रोवणीच्या वेळी धाकट्या भावाशी धुऱ्यावरून वाजलं. हातभर जागेसाठी. मी मोठा असून नको ते बोललो. मग रोज प्रार्थनेत तोच समोर. मी त्याला सैतानाची करणी समजायचो. मोठ्याने स्तोत्रं वाचायचो, गीत म्हणायचो. भाऊ काही हलेना.

डिसेंबरात वाचता वाचता मत्तयाचा ५वा अध्याय आला. वेदीपाशी अर्पण आणल्यावर, आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करायला जायचं. कितीदा वाचलेलं! पण आठवतं कुठे, तर ऐन वेदीपाशी, हे कधी लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे हा व्यत्यय प्रभूने धरूनच चालला आहे. आणि तो 'मन एकाग्र कर' म्हणत नाही. ऊठ, जा म्हणतो.

त्या रविवारी उपासनेला न जाता भावाकडे गेलो. तो मळणीच्या गडबडीत होता. "चुकलं माझं. धुरा तुझ्याकडेच राहू दे," म्हणालो. तो काही बोलला नाही. त्याच्या बायकोने चहा दिला, तो पिऊन परत आलो. अजून तो आमच्या घरी आलेला नाही. (घरची मंडळी हे वाचतात. त्याला सांगितलं तरी चालेल, मी वाट बघतोय.)

मनात येणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे देवाचा आवाज, असं मी म्हणत नाही. धानाचा भाव आठवला तर तो धानाचा भावच. पण जी गोष्ट रोज परत येते आणि जिची आपल्याला लाज वाटते, तिला झटकू नये, एवढं मात्र मला पटलंय. आपण कदाचित प्रार्थनेचं उत्तरच झटकत असतो.

असो. मन अजूनही पळतं. काल डोळे मिटल्या मिटल्या पंपाचं वीजबिल आठवलं. ते मात्र 'आमेन' झाल्यावरच भरलं!