बोललेल्या शब्दाचे न्यायालय

जुने शहर पायी पाहावे, असे प्रवासवर्णनकार सांगतात आणि कारण म्हणून अरुंद गल्ल्या व कमानी पुढे करतात. स्पेनमधल्या वालेन्सियात पायी हिंडण्याचे आम्हांला गवसलेले कारण निराळे आहे. तिथली एक प्राचीन संस्था इमारतीत राहत नाही. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता ती कॅथीड्रलच्या 'प्रेषितांच्या दारा'पाशी उघड्यावर भरते.

हे पाण्याचे न्यायालय. तुरिया नदीच्या पाटांवर भिजणाऱ्या शेतांतील शेतकऱ्यांनी आपल्यातूनच निवडलेले पंच काळे अंगरखे घालून बसतात. एकेका पाटाचे नाव पुकारून तक्रार विचारली जाते. वादी-प्रतिवादी स्वतःच बोलतात, वकील नसतो. निकालही तोंडी असतो आणि त्यावर अपील नाही. पुष्कळदा तक्रारच नसते. मग काही मिनिटांत सारे आटोपते आणि जमलेले पर्यटक हिरमुसून पांगतात.

२००९ साली युनेस्कोने या न्यायालयाला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. तेव्हा हा आता केवळ देखावा उरला आहे काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. आम्हांला ती पटत नाही. गुरुवारी चारचौघांत उभे राहावे लागेल ही जाणीवच कित्येक भांडणे बांधावर मिटवत असणार. रिकामा गुरुवार हे अशा न्यायालयाचे अपयश मानता येत नाही.

मात्र मौखिकतेचे भाबडे गोडवे गाण्याचेही कारण नाही. वालेन्सियाचेच कादंबरीकार ब्लास्को इबान्येज यांनी 'ला बर्राका' (१८९८) मध्ये याच दारापाशी एक प्रसंग रंगवला आहे. परक्या ठिकाणाहून आलेल्या बातिस्तेला पाण्याच्या पाळीबाबत फसवले जाते. न्यायालयात तो संतापून मध्येच बोलतो आणि दंड ओढवून घेतो. गावाच्या रीतीने बोलता येणाऱ्यालाच इथे आवाज आहे, ही बाजू लेखकाने झाकली नाही.

मौखिक परंपरेचा अभ्यास करताना आपण शब्द टिपतो, पाठभेद लावतो. पण शब्दाला वजन येते ते तो मानणाऱ्या माणसांमुळे, आणि इथे ती माणसे पाण्याने बांधलेली आहेत. शहराभोवतालची शेती विसाव्या शतकात काँक्रीटखाली आक्रसत गेली. हे न्यायालय जपायचे तर आधी शेते जपावी लागतील. पाट आटले, तर यादीतले नाव त्याला वाचवू शकणार नाही.